गालपट्टा

जोडपावा जोरात फुंकायचा तर गाल फुगून सुटतात, म्हणून वाजवणाऱ्याच्या तोंडाभोवती चामड्याचा एक पट्टा बांधतात. पुढे पाव्यांच्या तोंडांपुरती दोन भोकं आणि गाठ मागे, मानेच्या वर. ही गाठ ज्याची त्याला नीट मारता येत नाही. सैल राहते, नाहीतर कान कापते. माझी गाठ कितीतरी वर्षं फिलाग्रस मारायचा.

मी सामिखस, थीब्जचा. म्हणजे जन्म थीब्जचा, केस पिकले ते अथेन्सात. या शहराला प्रत्येक गोष्टीवर मत द्यायचा नाद आहे. तहावर मत, युद्धावर मत, कुठलं गाणं बरं आणि कुठलं वाईट यावरही मत. डायोनायसस देवाच्या उत्सवात दर जमातीचा पन्नास माणसांचा वृंद गोल धरून गातो, नाचतो, आणि त्या गोलाच्या मधोमध पावेवाला एकटा उभा राहतो. मी फुंकल्याशिवाय त्या पन्नासांतल्या एकाचाही पाय उचलत नाही. पण वृंदात उभं राहायला माणूस अथेन्सचा नागरिकच लागतो. पावेवाला बाहेरचा चालतो. बरे पावेवाले बाहेरच जन्माला येतात, त्याला अथेन्सकर तरी काय करणार? कुठला पावेवाला कुठल्या जमातीला हे चिठ्ठीवर ठरतं, आणि माझी चिठ्ठी बहुतेक वर्षं फिलाग्रसच्याच जमातीला निघायची.

गाणं संपलं की पन्नास जण पन्नास वाटांनी घरी जातात. मी बंदराच्या रस्त्यावरच्या माझ्या खोलीत जातो. ज्या शहरात लग्न करता येत नाही, जमीन घेता येत नाही, दरसाल राहण्याचा कर भरावा लागतो आणि कुठल्या तरी नागरिकाला जामीन म्हणून पुढे करावं लागतं, तिथे माणूस खोलीतच बसतो. फिलाग्रस तेवढा मागे रेंगाळायचा. माझा पट्टा सोडायचा, गालांवरचे वळ बघायचा आणि म्हणायचा, "चल डुकरा, जेवू." थीब्जकडच्या सगळ्यांना अथेन्सकर डुक्करच म्हणतात. त्याच्या तोंडून ते मला माझ्या नावापेक्षा बरं वाटायचं.

फिलाग्रसचा तेलाचा घाणा होता. बायको वारली होती आणि लिसिला नावाची एक मुलगी होती. तिचं त्याच्याच गावातल्या एका मुलाशी ठरलं होतं. फिलाग्रसचा आवाज असा, की खालच्या सुराला दगडी बाकं थरथरायची. त्याच्या खालोखाल दुसरा आवाज त्या जमातीत नव्हता, आणि हीच पुढे सगळ्याची सुरुवात झाली.

त्या हिवाळ्यात शहर चिडलेलं होतं. उत्तरेच्या राजाशी पडतं घेऊन तह करावा लागला होता, आमचे थीब्जवाले त्या राजाच्या बाजूला जाऊन बसले होते, आणि राग कुणावर काढायचा हे कुणालाच कळत नव्हतं. मग सभेत ठरलं, की प्रत्येक गावानं आपला नागरिकांचा पट तपासायचा. एकेक नाव वाचायचं आणि त्यावर मत घ्यायचं. कोण खरा, कोण घुसलेला.

फिलाग्रसच्या गावचा प्रमुख होता पोलीआरातस. त्याचं आणि थेरिप्पसचं हाडवैर. थेरिप्पस म्हणजे सभेत मोठमोठ्यानं बोलणारा, जहाजांवर पैसा केलेला माणूस, आणि त्या वर्षी आमच्या वृंदाचा खर्च उचलणारा यजमान. वृंद जिंकला की यजमानाचा विजयस्तंभ उभा राहतो आणि पुढच्या निवडणुकीत त्याचा सेनापती होतो. पोलीआरातस त्याच जमातीचा. पण आपली जमात हरली तरी चालेल, थेरिप्पस जिंकता कामा नये, असा त्याचा हिशेब. वृंद मोडायचा तर त्यातला आवाज काढायचा.

त्यांच्या गावचा पट वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फिलाग्रस माझ्याकडे आला. उंबऱ्यावरच बसला.

"काढलं," तो म्हणाला.

"काय काढलं?"

"नाव. पटावरनं. माझी आई लेम्नॉस बेटावरची बाई होती म्हणे."

"होती का?"

"अरे, बाप तिथे शेती कसायला गेला तो लग्न करून गेला! इथली मुलगी घेऊन. जन्म माझा तिथला. साक्षीला कोण उरलंय आता? एक मावशी, तिला काल काय जेवली ते आठवत नाही." त्यानं हातातली टोपी गुडघ्यावर आपटली. "वीस वर्षं त्या लोकांबरोबर बोकड कापलेत मी, सामिखस. पोलीआरातसच्या बापाच्या तिरडीला खांदा दिलाय. हात वर करून बसले होते ते, माझ्याकडे न बघता."

मी त्याला पाणी मिसळून वाइन दिली. इथे नागरिक व्हायला आई आणि बाप दोघंही अथेन्सचेच लागतात. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसायचं आणि माझ्यासारखा परदेशी म्हणून राहायचं. नाहीतर न्यायसभेत दाद मागायची. तिथे जिंकला तर नाव परत. हरला तर खोटं बोलून नागरिक झाला म्हणून शहर त्याला गुलामांच्या बाजारात उभं करून विकणार.

"दाद मागू नकोस," मी म्हणालो.

"काय?"

"गप राहा. मी राहतोच ना इथे? कोण मेलं त्यानं? घाणा जाईल, पण तुझा गळा आहे. कॉरिंथला उत्सव असतात, डीलॉसला असतात. दोघं जाऊ. मी वाजवीन, तू गा."

त्यानं वाइनची वाटी खाली ठेवली.

"आणि लिसिला?" तो म्हणाला. "परदेश्याची मुलगी कोण करून घेतं या शहरात? ते लग्न उद्याच मोडेल." मग म्हणाला, "तुला बरं वाटलंय, डुकरा. मी तुझ्यासारखा झालो तर तुला बरं वाटणार आहे."

ते खरं होतं. त्यानं 'काढलं' म्हटलं तेव्हा माझ्या पोटात पहिल्यांदा आनंदच उठला होता. इतक्या वर्षांनी बाकावर कुणीतरी माझ्या शेजारी बसणार होतं. माणूस एकटा राहून राहून इतका हलका होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानं दाद मागितली. सुनावणी उत्सवानंतर ठेवली. आता प्रश्न उत्सवाचा होता.

कायदा असा: वृंदात परका माणूस दिसला, तर गाणं सुरू होण्याआधी कुणीही नागरिक उठून त्याला हाताला धरून बाहेर काढू शकतो. यजमानाला वर दंड. पण पावा एकदा वाजला, की त्यानंतर नाचणाऱ्याला हात लावायचा नाही. तो देवाचा झाला.

तालमीच्या घरात थेरिप्पस सुगंधी तेल लावून आला. फिलाग्रसच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "काळजी सोड. तू गायचंस. पोलीआरातस उठला तर उठू दे. मी दंड तिथल्या तिथे फेकतो, सगळ्या ग्रीसच्या देखत. लोक वर्षभर बोलतील."

"यजमान," फिलाग्रस म्हणाला, "तुम्ही दंड भरलात तर मी परका आहे हे कबूल केल्यासारखं होईल. महिन्याभरात माझी सुनावणी आहे."

"अरे, दंड भरतोय मी. तुला काय त्याचं?"

"मला विकतील."

"कोण विकतंय? मी आहे ना." थेरिप्पस हसला. "विकलं तर मी घेईन विकत. झालं?"

सगळे हसले. थेरिप्पसला वाटलं आपण फार मायेचं बोललो. त्याला खरोखरच त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

"मग मी बाहेर राहतो," फिलाग्रस म्हणाला.

"राहा की. पोलीआरातस न्यायसभेत सांगेल, बघा, ह्याला स्वतःलाच खात्री नव्हती." थेरिप्पस जाता जाता म्हणाला, "मी वाईट माणूस नाही रे. पण मला जिंकायचंय."

घरी जाताना फिलाग्रस एवढंच म्हणाला, "उभा राहिलो तरी मेलो, बसलो तरी मेलो."

उत्सवाच्या दिवशी ऊन लख्ख होतं. डोंगरउतारावरची बाकं गच्च भरलेली. लोक भाजलेले हरभरे खात होते आणि आधीच्या वृंदाला नावं ठेवत होते. आम्ही आत आलो. फिलाग्रस नेहमीसारखा माझ्या मागे आला आणि पट्टा आवळू लागला. त्याची बोटं थंड होती. गाठ मारून झाल्यावर त्यानं पाठीवर हात ठेवला, तोही नेहमीसारखाच, आणि गोलात आपल्या जागी माझ्यासमोर जाऊन उभा राहिला.

पुकारणाऱ्यानं जमातीचं नाव घेतलं. आता यजमानाचं नाव, मग देवाला वाइनची धार, मग मी. हा क्रम माझ्या जन्माआधीपासूनचा आहे. पुढच्या बाकांवर पोलीआरातस अंगावरचं वस्त्र सावरून उठताना दिसला. त्याच्यापलीकडे थेरिप्पसही उठत होता, तोंडभर हसत, आणि त्याच्या मागे दोन गडी थैल्या घेऊन. दोघंही मोठी माणसं, दोघांनाही तो क्षण हवा होता. मधे फिलाग्रस उभा होता. त्याच्या मांडीजवळ त्याचे हात उघडमीट होत होते.

पुकारणारा यजमानाच्या नावापर्यंत पोचायच्या आत मी फुंकलं.

आधी कुणाला कळलंच नाही. देवाच्या वेदीवर धार पडायची होती, पुकारणाऱ्याचं तोंड उघडंच होतं. पण वृंद माझ्या फुंकरीवर वर्षानुवर्षं हललेला. पन्नास पाय उचलले गेले. आणि फिलाग्रसचा आवाज खालून वर आला. पोलीआरातस दोन पावलं पुढे आला आणि थांबला. आता हात लावला असता तर गुन्हेगार तोच झाला असता. थेरिप्पस उभाच राहिला, थैल्यांसकट, आणि मागचे लोक ओरडले, "बस खाली, दिसत नाही!"

माझ्या मनात तेव्हा मोठं काही नव्हतं. मला त्याचे ते हात बघवले नाहीत.

परीक्षकांनी आम्हाला शेवटून पहिला नंबर दिला. धार पडण्याआधी पावा वाजला म्हणजे अपशकुन. थेरिप्पस मला भेटायला आला नाही, त्यानं निरोप पाठवला, की थीब्जचं डुक्कर शेवटी चिखलातच जाणार. हा शब्द त्याच्याकडून मात्र मला लागला. मंदिराच्या कारभाऱ्यांनी अपशकुनाचा वेगळा दंड केला, तो मी वर्षभर फेडला. पण भर नाट्यगृहात 'परका' हा शब्द कुणी उच्चारला नाही, हेही तितकंच खरं.

सुनावणीच्या आदल्या दुपारी फिलाग्रस भाषण पाठ करायला माझ्याकडे आला. थीब्जजवळच्या कोपाइस तळ्यातली वाम मिळाली होती, ती मी बीटच्या पानात गुंडाळून भाजत होतो. मी पोलीआरातस झालो आणि विचारायला लागलो.

"तुझी आई कोण?"

त्यानं सांगितलं. मावशीचं, बापाच्या थडग्याचं, लेम्नॉसहून आलेल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्याचं. चांगलं बोलत होता.

"आणि हा थीब्जकर कोण तुझा? ज्याच्या खोलीत तू जेवतोस? ज्याच्या लोकांनी आपल्याला राजाला विकलं?"

त्यानं निखाऱ्यावरची वाम उलटली.

"हे विचारतील," मी म्हणालो. "हेच विचारतील. आईपेक्षा माझ्यावर जास्त बोलतील."

"मग मी सांगीन मित्र आहे म्हणून."

"सांग आणि बाजारात उभा राहा. म्हण: तो भाड्याचा पावेवाला आहे. चिठ्ठीत आमच्या जमातीच्या वाट्याला आला. नाट्यगृहाबाहेर मी त्याला ओळखत नाही."

"हे मी म्हणणार नाही."

"म्हणशील. लिसिलाचं लग्न आहे."

तो म्हणाला. पहिल्यांदा मधेच अडखळला. दुसऱ्यांदा फार जोरात बोलला, ते खोटं वाटलं. "पुन्हा," मी म्हणालो, तालमीत म्हणतो तसं. "ओळखत नाही वर थांबू नकोस. पुढे जा." संध्याकाळपर्यंत ते वाक्य त्याच्या तोंडात बसलं. वाम गार होऊन गेली होती, दोघांनी दोन दोन घास खाल्ले. निघताना तो दारात घुटमळला.

"सामिखस..."

"जा," मी म्हणालो. "आवाज बसेल."

न्यायसभेत पाचशे पंच बसतात आणि बाकीच्यांनी कठड्याबाहेर उभं राहायचं. मी गर्दीत मागे उभा होतो. गावाच्या बाजूनं पोलीआरातस बोलला. मी सांगितलं होतं तसंच झालं. आईवर थोडं बोलला आणि मग माझ्यावर आला. थीब्जकर, राजाचे हस्तक, एका ताटातलं खाणं. पंचांमध्ये कुजबुज व्हायला लागली.

फिलाग्रसची पाळी आली. बोलण्याची वेळ मोजणाऱ्या घटातून पाणी गळत होतं आणि तो नीट बोलत होता. मावशीला आणलं होतं, तिला सुदैवानं त्या दिवशी आठवलं. मग तो म्हणाला, "सामिखस हा भाड्याचा पावेवाला आहे. चिठ्ठीत आमच्या वाट्याला आला. नाट्यगृहाबाहेर मी त्याला ओळखत नाही." न थांबता, न अडखळता. मला वाटलं, छान बसवलंय आपण.

पोलीआरातस उठला. समोरच्या पक्षाला प्रश्न विचारायचा हक्क असतो. "मग एवढंच सांग," तो म्हणाला, "दर उत्सवात सगळ्या शहरासमोर त्याचा पट्टा कोण बांधतं? मायेनं पाठीवर हात कोण ठेवतं? ओळखत नाहीस ना?"

हे आम्ही बसवलं नव्हतं. आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. जे रोज होतं ते कुठे दिसतं? फिलाग्रसचा चेहरा उतरला. पाणी गळत राहिलं. मी कठडा धरला. आता त्यानं खरं बोलावं असं मला वाटलं, आणि बोलू नये असंही वाटलं.

मग त्यानं मान वर केली.

"भाड्याच्या घोड्याला लगाम नाही का चढवावा लागत?" तो म्हणाला. "चढवला की पाठीवर थापही मारतात. म्हणून काय कुणी घोड्याशी सोयरीक करतं?"

पाचशे जण हसले. आधी पुढचे, मग मागचे, मग कठड्याबाहेरचे. पोलीआरातसच्या बाजूचे दोघंतिघंसुद्धा तोंडावर हात ठेवून हसले. माझ्या शेजारच्या मासेवाल्यानं मला कोपरानं ढोसलं. "ऐकलंस का? घोड्याशी सोयरीक!"

मीही हसलो. हसलो नसतो तर मासेवाल्यानं वळून नीट पाहिलं असतं.

हसलेले पंच विकायला पाठवत नाहीत. मतांच्या चकत्या मोजल्या तेव्हा त्याच्या बाजूच्या, भरीव दांडीच्या चकत्यांचा ढीग विरुद्धच्या पोकळ चकत्यांपेक्षा मोठा निघाला. नाव परत पटावर चढलं. गावची माणसं पुढे झाली आणि ज्यांनी हात वर केले होते तेच त्याला मिठ्या मारायला लागले. मी घरी गेलो. भाड्याचा पावेवाला हे वाक्य मी दिलं होतं, त्याचं मला काही नव्हतं. घोडा मात्र त्याचा स्वतःचा होता.

त्यानंतर तो आला नाही. येऊ शकतही नव्हता, लोकांचे डोळे होते. एक गडी तेलाचा बुधला ठेवून गेला, निरोप नव्हता. हिवाळ्यात लिसिलाचं लग्न झालं. वरात आमच्याच रस्त्यानं मशाली घेऊन गेली आणि पुढे दुसराच कुणीतरी पावेवाला वाजवत होता, बेसूर. मी दार लावून घेतलं. मला त्याचा राग आला नाही असं म्हणणार नाही. आला, पण तो कुणापुढे काढायचा? असल्या गोष्टी मी त्यालाच सांगायचो.

पुढच्या वसंतात चिठ्ठीनं मला पुन्हा त्याच जमातीच्या वाट्याला दिलं. नवा यजमान, तेच पन्नास. तालमींना फिलाग्रस यायचा, गायचा, आणि गावच्या मंडळींबरोबर बोलत बोलत निघून जायचा. त्याचा आवाज आणखी चांगला झाला होता. जिंकलेल्या माणसाचा होतो.

उत्सवाच्या दिवशी आम्ही आत आलो. पट्टा माझ्या गळ्यात लोंबत होता. बाकं गच्च होती, पुढच्या रांगेत पोलीआरातस हरभरे खात बसला होता. आणि मला मागून पावलं ऐकू आली. त्याची पावलं मी हजारांत ओळखीन. वळलो तर फिलाग्रस समोर उभा होता, दोन्ही हात अर्धवट उचललेले. त्याची नजर माझ्यावरून पुढच्या रांगेकडे गेली आणि परत आली.

"राहू दे," मी म्हणालो. "बांधलाय मी."

पट्टा गळ्यात होता. त्याला दिसत होता.

"बरं," तो म्हणाला. त्याचे हात खाली आले, आणि खांदेही सैल झाले, ओझं उतरल्यावर होतात तसे. तो आपल्या जागी गेला.

मी हात मागे नेऊन गाठ मारली. पुकारणाऱ्यानं जमातीचं नाव घेतलं, यजमानाचं घेतलं, वेदीवर धार पडली, आणि मी फुंकलं. गाठ सैलच बसली होती. वरच्या सुरांना उजव्या गालातून वारा निसटत होता. बाकांवर कुणाला कळलं नसेल. फिलाग्रसला कळलं. तो माझ्या अगदी समोर होता, आणि गाणं संपेपर्यंत त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.